सायकलचा आरसा, मागचा लाल लाइट आणि साठ रुपयांची रिफ्लेक्टर पट्टी: सात महिने सोलापुरात वापरून

डिसेंबरात तीन वस्तू घेतल्या. उजव्या हँडलला लावायचा गोल आरसा २४० रुपये, मागं लावायचा चार्जिंगचा लाल लाइट ४५० रुपये आणि रिफ्लेक्टरची चिकटपट्टी ६० रुपये मीटर. घंटी जुनीच ठेवली, पितळी वाटीची आहे, तिच्यासारखा आवाज नवीनला नाही. आता जुलै चालू आहे, म्हणजे थंडी, गड्ड्याची जत्रा, उसाचा हंगाम, मे महिन्याचं ऊन आणि पहिला पाऊस एवढं सगळं या तिन्ही वस्तूंनी बघितलंय, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण आरशावर नावच नव्हतं, आणि लाइटच्या खोक्यावर जे होतं ते दुसऱ्या दुकानात वेगळंच दिसलं, आतली वस्तू तीच.

मी जुळे सोलापुरातून नवी पेठेत जाते. युनिफॉर्मच्या होलसेल दुकानात हिशोब बघते. एका बाजूनं साधारण पाच-सहा किलोमीटर, साधी लेडीज सायकल, पुढं बास्केट मागं कॅरिअर. आसरा पूल चढायचा, आसरा चौक, मग गांधीनगर, सात रस्ता, रंगभवन, डफरीन चौक, पार्क चौक आणि पेठ. सरळ रस्त्यावर मला आजपर्यंत कधी काही झालं नाही, खड्डे सोडले तर. जे काही होतं ते चौकात होतं, आणि हा सगळा रिव्ह्यू मी चौकाच्या हिशोबानंच लिहितेय, कारण दुकानदार या वस्तू हायवेवर लांब जाणाऱ्या सायकलवाल्यांच्या हिशोबानं विकतात, आपल्यासारख्या रोज सात-आठ चौक ओलांडणाऱ्या बाईला त्यातलं काय कामाला येतं ते कुणी सांगत नाही.

घेतलं का ते आधी सांगते. नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी सव्वासातला घरी येत होते. सिग्नल हिरवा, मला सरळ जायचं होतं, मी नेहमीसारखी एकदम डाव्या कडेनं चालले होते. मागून एक छोटा टेम्पो आला, माझ्या बरोबरीला आला, थोडा पुढं गेला आणि तिथंच डावीकडं वळला. इंडिकेटर नव्हता. त्याच्या मागच्या फाळक्याचा कोपरा माझ्या हँडलला लागला, हँडल फिरलं आणि मी डाव्या कुशीवर पडले. कोपर सोललं, ड्रेस फाटला, डबा रस्त्यावर. वेगात नव्हता म्हणून वाचले. ड्रायव्हर चांगला माणूस होता, गाडी कडेला लावून पळत आला, सायकल उचलली, पाण्याची बाटली दिली आणि सारखं एकच म्हणत होता, "ताई, तुम्ही दिसलाच नाही ओ. खरंच दिसलाच नाही."

हे वाक्य मी आठवडाभर डोक्यात घेऊन फिरले. कारण तो खोटं बोलत नव्हता. मी त्याला दिसले नव्हते. आणि मला तो दिसला तेव्हा तो माझ्यासमोर आडवा होता.

तेव्हा मग पूर्व भागातल्या आमच्या नेहमीच्या सायकल मिस्त्रींकडं गेले. वडिलांच्या वेळेपासूनचे आहेत. त्यांनी हँडल सरळ केलं, ब्रेक शू बदलले आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, ताई, आधी आरसा लावा. गिरणीचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा, तेव्हा आरसा लागत नव्हता कारण मोटारवाला स्वतःच थांबायचा, शंभर सायकली कुणाला दिसणार नाहीत. आता तुम्ही एकट्या असता. हे त्यांचं म्हणणं मला फार पटलं. सायकलवाल्याचा पहिल्यापासूनचा खरा बचाव म्हणजे सोबतच्या सायकली, तो आता आपल्याकडं राहिला नाही, म्हणून हे सगळं विकत घ्यायला लागतंय.

आता आरसा. गोल, फुगीर काचेचा, आपल्या तळहातापेक्षा थोडा लहान. हँडलच्या नळीला पट्ट्यानं आवळायचा. पहिल्याच दिवशी आसरा पुलावरून उतरताना तो थरथरायला लागला आणि मागचं सगळं नुसतं हलताना दिसायला लागलं, गाडी कुठली आणि झाड कुठलं कळेना. मिस्त्रींनी जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून पट्ट्याखाली घातला आणि मग आवळला, तेव्हापासून थरथर निम्म्यानं कमी झाली. ट्यूबचा तुकडा घालायला विसरू नका, दुकानात कुणी घालून देत नाही. खड्ड्यातून गेलं की आरसा खाली झुकतो, महिन्यातून दोनदा परत आवळावा लागतो. कुणी पार्किंगमध्ये सायकल सरकवली की तोंड फिरवून ठेवतात, निघताना एकदा बघून घ्यायची सवय लावावी लागते.

फुगीर काचेची गोष्ट नीट समजून घ्या, कारण मी पहिल्या आठवड्यात चुकले होते. त्यात मागचं जास्त दिसतं पण गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते. मला वाटायचं अजून लांब आहे, आणि तेवढ्यात बुलेट कानाजवळून जायची. आता माझा अंदाज बसलाय, मोटरसायकल करंगळीच्या नखाएवढी दिसली की ती जवळ आली असं मी धरते. तुमचा आरसा, तुमची उंची वेगळी असेल, तर घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर दोन दिवस नुसतं बघत सायकल चालवा आणि मग गर्दीत जा.

चौकासाठी आरशाचा उपयोग मात्र चौकात होत नाही, चौकाच्या आधी होतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौक पन्नास पावलांवर आला की दोनदा आरशात बघायचं. मागं कोण आहे, कुणाचा डावा इंडिकेटर चालू आहे, कोण वेगात येतंय, टेम्पो आहे का बस आहे का ट्रॅक्टर. ते बघून आपण कुठं राहायचं ते ठरवायचं. एकदा चौकाच्या तोंडाशी आलं की आरसा विसरायचा, कारण तेव्हा धोका समोरून आणि दोन्ही बाजूंनी असतो, आणि आरशात बघायला गेलेली ती अर्धी सेकंद महाग पडते.

कुठं राहायचं हे जास्त महत्त्वाचं आहे म्हणून त्यावर थोडं लिहिते. आपल्याला लहानपणापासून सांगितलंय की सायकल एकदम कडेनं चालवायची. सरळ रस्त्यावर बरोबर आहे. पण चौकात सरळ जायचं असताना एकदम कडेला राहिलं की डावीकडं वळणारा माणूस आपल्याला उजव्या बाजूनं ओलांडतो आणि आपल्या पुढ्यात वळतो. माझं नेमकं तेच झालं होतं. आता मी चौकाच्या वीस-पंचवीस पावलं आधी, आरशात बघून, उजवा हात दाखवून, डाव्या लेनच्या मधोमध येते. मग डावीकडं वळणारा माझ्या मागं राहतो आणि माझ्या मागूनच वळतो. हॉर्न मारतात, मारू देते. चौक ओलांडला की लगेच परत कडेला. पहिला आठवडा हात कापत होते, खरं सांगते. आरशाशिवाय हे करायची माझी हिंमतच झाली नसती, आणि २४० रुपयांतले दोनशे रुपये तरी मी याच एका गोष्टीसाठी दिले असं मानते.

पण मागं डंपर किंवा उसाचा ट्रॅक्टर असला तर मी मध्ये जात नाही. थांबते, जाऊ देते. जानेवारीत एकदा सकाळी आरशात ट्रॅक्टर दिसला, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, दोन्हीवर ऊस बाहेर आलेला. मी चौकाच्या अलीकडंच पाय टेकला. ट्रॅक्टर डावीकडं वळला, त्याचं मोठं चाक माझ्यापासून चांगलं लांबून गेलं. मग पहिली ट्रॉली आली, ती त्याच्यापेक्षा आतून गेली. दुसरी ट्रॉली तर अजून आतून, तिचं चाक फूटपाथच्या दगडाला घासून गेलं आणि उसाची वाढं माझ्या बास्केटला लागली. मी जिथं थांबले होते त्याच्या चार पावलं पुढं कडेला उभी असते तर ट्रॅक्टर लांबून गेला म्हणून निश्चिंत झाले असते आणि मागची ट्रॉली अंगावर आली असती. लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, आतून जातात, जेवढी गाडी लांब तेवढी जास्त आतून. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, हंगामात हे ट्रॅक्टर रोज दिसणार, घरातल्या पोरांना एवढी एक गोष्ट प्रत्यक्ष उभं करून दाखवा.

ट्रकचंही तसंच. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, म्हणजे त्याच्या डाव्या दाराच्या बाजूला, खाली, जी जागा आहे ती त्याला जवळपास दिसतच नाही. आणि सिग्नलला सायकलवाला नेमका तिथंच जाऊन उभा राहतो कारण तिथं फट असते. मी सरळ हिशोब ठेवलाय, ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड मला दिसलं नाही तर मी त्यालाही दिसत नाही. मग मागंच थांबते, पाच मिनिटं उशीर झाला तर मालक बोलत नाहीत.

आता लाइट. इथं माझं मत निम्मं निम्मं आहे. प्रकाश चांगला आहे, लांबून दिसतो, रोजच्या चाळीस मिनिटांना आठवड्यातून एक चार्जिंग पुरतं. तीन प्रकार आहेत, स्थिर, हळू उघडझाप आणि एकदम जोरात फडफड करणारा. ती फडफड मी एकदाच वापरली. आमच्या दुकानातला मुलगा मोटरसायकलवर माझ्या मागं होता, तो म्हणाला, मॅडम, लाइट दिसतोय पण तुम्ही किती लांब आहात ते कळत नाही. तेव्हापासून अंधारात स्थिर आणि संध्याकाळच्या उजेडात हळू उघडझाप. लाइट सीटच्या खालच्या नळीला लावायचा म्हणून दिला होता, तिथं तो कॅरिअरवरच्या पिशवीमागं आणि माझ्या ओढणीमागं झाकला जातो, म्हणजे लावून न लावल्यासारखा. मिस्त्रींनी कॅरिअरच्या मागच्या टोकाला एक पत्र्याची पट्टी मारून तिथं बसवून दिला, वीस रुपये घेतले. लेडीज सायकलला तिथंच लावा.

खराबी दोन आहेत. बांधायचं रबर मे महिन्याच्या उन्हात तडकलं, दुकानासमोर दिवसभर सायकल उन्हात असते आणि सोलापूरचा मे तुम्हाला माहीतच आहे, चव्वेचाळीसपर्यंत जातो. त्याजागी ट्यूबची चकती कापून घातलीय, ती अजून टिकून आहे. दुसरी खराबी जास्त वाईट, चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण सैल आहे. जूनच्या दुसऱ्या पावसात पाणी आत गेलं आणि त्या दिवशी लाइट लागलाच नाही, नेमकं ढगानं अंधारून आलेलं असताना. दोन दिवस वाळवल्यावर चालू झाला पण आता स्थिर ठेवला की मधूनच फुकफुकतो. खोक्यावर पावसात चालेल असं छापलं होतं. दुकानदारानं बदलून दिला नाही, सहा महिने झाले म्हणाला. तर लाइट घेताना झाकण उघडून बघा, नखानं सहज निघत असेल तर घेऊ नका, स्क्रूनं बसणारा आणि घट्ट झाकणाचा घ्या, शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील.

आणि आता ती साठ रुपयांची पट्टी, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

लाइट आणल्यावर दोन-तीन दिवसांनी आम्ही गल्लीत बघायचं ठरवलं, खरंच दिसतंय का. मिस्टरांना सायकलवर बसवलं, मी आणि मुलगी गल्लीच्या तोंडाशी स्कूटर चालू करून हेडलाइट लावून उभ्या राहिलो. रस्त्यावरचा दिवा त्या दिवशी बंद होता. ते आमच्याकडं पाठ करून गेले, लाल लाइट झकास दिसला. आमच्याकडं तोंड करून आले, बास्केटवर बांधलेली बॅटरी झकास दिसली. मग आम्ही त्यांना गल्लीच्या पलीकडच्या रस्त्यावरून आडवं जायला सांगितलं, चौकात जातात तसं. आणि काहीच दिसलं नाही. खरंच काही नाही. अंधारात पुढं एक छोटा ठिपका पुढच्याच बाजूला, मागं एक छोटा लाल ठिपका मागच्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये अख्खा माणूस आणि अख्खी सायकल गायब. मुलीनं मोबाईलवर फोटो काढला, फोटोत तर फक्त मिस्टरांच्या चपलेचा पांढरा पट्टा आला.

मुलगी म्हणाली, आई, चौकात तर सगळे बाजूनंच बघतात ना.

एवढी साधी गोष्ट. पुढचा लाइट पुढच्याला, मागचा लाइट मागच्याला. चौकात जो येऊन धडकतो तो बाजूच्या रस्त्यावरून येतो, आणि बाजूला दाखवणारं आपल्या सायकलीवर काहीच नसतं. नव्या सायकलींना कंपनीकडून स्पोकमध्ये, पायडलला रिफ्लेक्टर लावून येतात, पण ते सहा महिन्यांत तुटून पडतात आणि आपण परत लावत नाही. माझ्या सायकलीचे कधी पडले मला आठवतही नाही.

मग दुसऱ्या दिवशी ती पट्टी आणली, मीटरनं कापून मिळते, मालट्रकच्या बाजूला लावतात तसली. दोन्ही चाकांच्या रिमला, दोन्ही बाजूंनी, चार-चार बोटांचे तुकडे लावले, एका चाकाला सहा. पायडलच्या कडेला लावले. पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या बाजूला लांब तुकडे. उरलेली थोडी माझ्या हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना. रात्री परत तेच केलं, स्कूटर लावून उभ्या राहिलो आणि मिस्टर आडवे गेले, आणि अंधारात दोन चाकं फिरताना दिसली. गोल फिरणाऱ्या चांदीच्या ठिपक्यांच्या दोन रांगा आणि मध्ये पायडल वर-खाली. कुणी आंधळेपणानं गाडी चालवत असेल तरी त्याला कळेल की ही सायकल आहे आणि ती या बाजूनं त्या बाजूला चाललीय. ना चार्जिंग, ना पावसाची भीती, ना रबर. सात महिन्यांत रिमवरचे दोन तुकडे ब्रेक घासून निघाले, ते बाकीच्या पट्टीतून परत लावले. लावायच्या आधी रिम साबणानं पुसून कोरडी करा, नाहीतर चिकटत नाही. ब्रेक शू जिथं घासतो तिथून थोडं आत, स्पोकच्या बाजूला लावा.

सायकल जिवावरची नाही, चौक जिवावरचा आहे, असं वडील म्हणायचे. त्यांच्या वेळेला बिनदिव्याची सायकल आणि डबलशीट पोलीस पकडायचे, त्यामुळं डायनामो घासत का होईना दिवा असायचाच. आता कुणी विचारत नाही, तर आपणच बघायचं.

आता एक गोष्ट लिहिली पाहिजे, कारण मला वाटत नाही की हे सगळं सामान लावून आपण सुटलो. माझ्यावर गाडी घालणाऱ्यानं आरसा नव्हता म्हणून घातली नाही, त्यानं मला वाट दिली नाही म्हणून ते झालं. नियमात हे सगळं आहे. मोटार गाड्या चालवण्याचे २०१७ चे केंद्राचे जे नियम आहेत त्यात स्पष्ट लिहिलंय की पायी चालणारे, सायकलवाले, लहान मुलं, म्हातारी माणसं, अपंग यांच्या सुरक्षेची गाडीवाल्यानं विशेष काळजी घ्यायची. सिग्नल नसलेल्या चौकात मोठ्या रस्त्यावरच्या गाडीला आधी वाट, आणि दोन्ही रस्ते सारखे असतील तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. सायकलही त्यात आली, ती मोटार वाहन नाही, लायसन लागत नाही, पण रस्त्यावरची हक्काची गाडी आहे. सायकलसाठी वेगळा ट्रॅक असेल तर त्यावर मोटार घालायची नाही हे तर १९८९ च्या जुन्या नियमांपासून आहे. आणि लाल सिग्नलला आपणही थांबायचं, हे मी सायकलवाल्यांनाही तेवढंच जोर देऊन सांगते, आपण लाल तोडत गेलो तर वाट कुठल्या तोंडानं मागणार.

पण सात रस्त्यासारख्या ठिकाणी, नावातच सात रस्ते आहेत, तिथं उजवीकडून येणारा कोण आणि डावीकडून येणारा कोण हे उभ्या उभ्या कळत नाही, सायकलवर तर नाहीच. शेवटच्या सेकंदाला हिरव्यात शिरलेली मोटरसायकल पलीकडं पोचते, मी शिरले तर मध्येच अडकते. हिशोब करून बघा, मी ताशी दहा-बारानं चालवते म्हणजे एका सेकंदाला तीन मीटर, पिवळा दिवा साधारण तीन सेकंद, म्हणजे पिवळ्यात मी जेमतेम नऊ-दहा मीटर जाते आणि मोठा चौक त्याच्या तीन-चार पट असतो. त्यात थांबलेल्या सायकलला पायडल मारून वेग घ्यायलाच दोन-तीन सेकंद. म्हणून आता सिग्नलवरचा काउंटर दहाच्या खाली असला की मी शिरतच नाही, मागचे कितीही हॉर्न मारू दे. आणि डावीकडं कायम मोकळं असलेल्या वळणाच्या जागेत सरळ जायचं म्हणून उभी राहत नाही, थोडी उजवीकडं, थांबायच्या रेषेच्या मागं उभी राहते, नाहीतर "ओ ताई, बाजूला घ्या की" सुरू होतं आणि आपण घाबरून पुढं सरकतो.

बहिणीकडं दुसऱ्या शहरात गेले होते तिथं सायकलचा रंगवलेला पट्टा बघितला, मस्त रुंद, दोन्ही बाजूंना खांब. आणि चौकाच्या तीस पावलं आधी संपलेला. जिथं सगळ्यात जास्त गरज तिथंच आपल्याला सोडून दिलेलं. नेदरलँडमध्ये पट्टा चौकातून आरपार जातो, कोपऱ्यावर दगडी ओटा बांधलेला असतो त्यामुळं मोटारीला एकदम तिरकं वळता येत नाही, हळू होऊन काटकोनात वळावं लागतं आणि तोपर्यंत सायकल तिच्या खिडकीसमोर येते. सायकलची थांबायची जागा मोटारीच्या पुढं असते, म्हणजे सिग्नल सुटला की सायकल आधीच नजरेत असते. तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात म्हणून वळायचा धोका उजवीकडं, आपल्याकडं डावीकडं, एवढाच फरक. तिथंही हे आपोआप झालं नाही, १९७० च्या दशकात पोरं रस्त्यावर मरायला लागली तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले. आपलं सोलापूर २०१६ च्या स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत होतं. स्मार्ट शहरात चौक ओलांडताना सायकलवरच्या पोरीला वाट मिळावी एवढी माझी साधी अपेक्षा आहे, आणि ती मी जाईन तिथं बोलून दाखवणार आहे.

तोपर्यंत हे सामान. मार्क द्यायचे तर पट्टीला पाचपैकी पाच, आरशाला चार, थरथरीचा एक कापला, लाइटला अडीच. पैसे कमी असतील तर आधी पट्टी, मग आरसा, लाइट सगळ्यात शेवटी पण चांगला बघून. आरसा डाव्या हँडलचा देतात कधी कधी, तो घेऊ नका, आपल्याकडं गाड्या उजव्या अंगानं ओलांडतात, उजवाच मागा.

मुलगी नववीत आहे, क्लासला सायकलनं जाते, तिच्या सायकलला रविवारी आरसा आणि पट्टी लावून घेतली. सकाळी साडेसहाला रस्ता रिकामा असताना दोघी सात रस्त्याला गेलो आणि चार वेळा ओलांडलं. पहिल्या वेळी ती कडेलाच चिकटून राहिली. तिसऱ्या वेळी तिनं आरशात बघून हात दाखवला आणि मध्ये आली, आणि मागचा रिक्षावाला खरंच मागं थांबला. चौथ्या वेळी मी तिच्या मागं नव्हते, कोपऱ्यावर उभी राहून बघत होते.

पट्टी थोडी उरली होती ती आमच्या दुकानातल्या हमाल काकांच्या सायकलला लावली. ते रात्री नऊला गठ्ठे घेऊन पूर्व भागात जातात, लाइट नाही काही नाही. मागच्या मडगार्डला आणि पायडलला पुरली, चाकांना पुरली नाही. अजून एक मीटर आणायचीय.